दोरीला हात लावणाऱ्या पाहुण्यास वाटा दिल्याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
तलाव निसर्ग-पर्यटन विकास समिती,
मौजा कोसमटोला, जि. गडचिरोली

अर्जदार : इस्तारी मुखरू मारबते, धंदा मासेमारी (अलीकडेपर्यंत दाखवण्यापुरती), रा. कोसमटोला

विषय : मरळ माशाच्या प्रवासाचा खुलासा व जप्त जाळ्याबाबत विनंती.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस. क्रमांक शिक्क्याखाली गेला आहे.

महोदय,

विकसनशील देशांच्या आर्थिक उन्नतीचा राजमार्ग शाश्वत पर्यटनातूनच जातो, ही गोष्ट अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. मान्य असल्याबद्दल समितीच्या कार्यशाळेत त्याचा अंगठा घेण्यात आला व त्यानंतरच त्याला चहा मिळाला. अर्जदारास लिहिता येत नाही. सबब मजकूर त्याचा असून अक्षर निवृत्त तलाठी गुणवंतराव यांचे आहे. जेथे अर्जदाराने शब्द बदलू दिला नाही, तेथे तो आहे तसा ठेवला आहे.

१. गावचा तलाव पर्यटनस्थळ झाल्यापासून त्यात मासे मारण्यास बंदी आहे. तथापि पर्यटकांना पारंपरिक जीवन दिसावे म्हणून समितीने अर्जदाराची 'पारंपरिक मासेमार' या पदावर नेमणूक केली. काम असे, की सकाळ-संध्याकाळ जाळे ओढायचे, मासे पर्यटकांना दाखवायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. अर्जदाराने हे काम इमानाने केले. मासेही हळूहळू सरावले. काही जुने रोहू तर जाळे पडण्याआधीच काठाशी येऊन थांबू लागले, त्यावर एका पर्यटकाने हे सगळे बनावट असल्याची तक्रार केली. या काळात अर्जदाराच्या घरी भाजी आरमोरीच्या बाजारातून येत होती. अर्जदाराची पत्नी गिरजा हिने त्यावर "दिवसभर मासोळ्या धरून राह्यले न् रातच्याले वांगे खाऊन राह्यले, असा ढिवर मी पाह्यला नाई," असे मत नोंदविले. ते समितीच्या माहितीसाठी.

२. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून जीपने आले. अर्जदार व त्याचे भाऊबंद जाळे ओढत असता पाहुण्यांनी पँट दुमडली, पाण्यात उतरले व फोटोसाठी जाळ्याच्या दोरीला हात लावला. येथेच घोटाळा झाला. आम्हा ढिवर मासेमारांत अशी रीत आहे, की जाळ्याच्या दोरीला ज्याचा हात लागला त्याचा त्या खेपेत वाटा. मग तो लहान लेकरू असो, वाटसरू असो, की फोटोपुरता हात लावून दोरीवर उलट भार टाकणारा असो. पाहुण्यांनी भारच टाकला होता. पण रीत भार पाहत नाही, हात पाहते.

३. अर्जदाराने स्वतःचा व भाऊबंदांचा वाटा नियमाप्रमाणे पाण्यात सोडला. पाहुण्यांचा वाटा सोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. दुसऱ्याचा वाटा परस्पर पाण्यात टाकणे याला आमच्यात चोरी म्हणतात. विचारावे, तर पाहुणे काठावर भाषण करीत होते व या तलावातून एकही मासा बाहेर जाऊ देणार नाही असे सांगत होते. मधेच बोलणे बरे दिसले नसते. म्हणून अर्जदाराने एक चांगली मरळ पळसाच्या ओल्या पानांत गुंडाळली व त्यांच्या जीपमध्ये मागच्या सीटखाली अदबीने ठेवली. ड्रायव्हर बिरजू याने विचारले, "काय होय भाऊ?" अर्जदार म्हणाला, "सायबाचा वाटा होय." बिरजूने पुढे काही विचारले नाही. त्या नोकरीत हे वाक्य पुरेसे असावे.

४. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, हे पाहुण्यांना ठाऊक नसावे. आरमोरीच्या अलीकडे ती पानांतून निघून त्यांच्या पायाशी आली. पाहुणे सीटवर चढले, गाडी थांबली, पंचनामा झाला. पंचनाम्यात जीपचा उल्लेख नाही. त्यात मरळ 'रस्त्याने जात असताना आढळली' असे नमूद आहे. मरळ पावसाळ्यात बांध ओलांडून एका शेतातून दुसऱ्यात सरकते हे खरे आहे. परंतु फेब्रुवारीत डांबरी रस्त्याने आरमोरीस जाण्याचे तिला काही कारण नव्हते. मुद्देमाल मरळ पुढे कोठे गेली याची नोंद नाही. बिरजू मात्र चव उत्तम होती असे सांगतो.

५. मरळ पळवल्याच्या आरोपावरून अर्जदाराचे पद गेले व जाळे जप्त झाले. पदाबद्दल तक्रार नाही. सोडून द्यायचे मासे धरण्यात हात दुखतात. परंतु तलाव बंद असल्याने पोटासाठी वैनगंगेवर जावे लागते आणि वैनगंगेवर जाळ्यावाचून नुसते जाऊन आंघोळच होते. सध्या घर गिरजाच्या मजुरीवर चालते व ती तसे रोज कळविते.

६. मध्यंतरी समितीने निसर्ग माहिती केंद्र उघडले. भिंती मोकळ्या दिसत होत्या म्हणून जप्तीतले जाळे तेथे टांगले व खाली 'आदिम जाळे, अंदाजे शंभर वर्षे जुने' अशी पाटी लावली. हे जाळे अर्जदाराने व गिरजाने दोन उन्हाळ्यांपूर्वी नायलॉनच्या दोऱ्याने विणले आहे. गिरजा पाटी ऐकून म्हणाली, "मंग मी केवढी झाली?"

७. अर्जदार जाळे पाहण्यास गेला असता दारावरील देवाजी, जो त्याचा सख्खा साडू आहे, म्हणाला, "भाऊ, तिकीट काढल्याबगर मी माह्या बापालेबी आत सोडत नाई." अर्जदार म्हणाला, "जाळं माहं होय ना बे." देवाजी म्हणाला, "म्हणूनच त सांगून राह्यलो. तुले त नुसतं पाहाचं हाय, दुसऱ्याले तेवढ्याच पैशात समजूनबी घ्या लागते." अर्जदाराने तिकीट काढले. आत गेल्यावर दिसले, की जाळ्याला खालच्या अंगाने उंदराने भोक पाडले आहे. विणीचे एक घर तुटले, की शेजारची घरे सुटत जातात. पावसाळ्यापर्यंत पाटीच्या वर नुसती दोरी उरेल.

तरी विनंती अशी, की जाळे परत मिळावे. ते नियमात बसत नसल्यास समितीच्या ताब्यातच असो, पाटीही असो, शंभराची दोनशे वर्षे केली तरी हरकत नाही. फक्त ते भोक विणून देण्यापुरते, केंद्र बंद होण्याच्या सुमारास, अर्जदारास अर्धा तास विनातिकीट आत सोडावे. विणताना पर्यटकांनी फोटो काढल्यास चालेल. दोरीला हात मात्र लावू नये.

कळावे, आपल्याच तलावाकाठचा नम्र,

इस्तारी मुखरू मारबते
(डाव्या हाताचा अंगठा)
कोसमटोला, दि. १९ मार्च २००३

सोबत : विणायच्या दोऱ्याचा नमुना, हातभर. पाहून झाल्यावर परत द्यावा, तेवढ्यातही दोन घरे निघतात.