भिंतीचा जोडीदार

मी, खाली सही करणार, पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करून संसार चालवलेला, वय अठ्ठ्याहत्तर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, हृदयाचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात; पण डोकं ठिकाणावर आहे आणि कोणी माझा हात धरून लिहवून घेतलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीची, तिच्यामागे मुलाची. याला कोणी फाटे फोडू नयेत.

२. वाइंडिंगचं यंत्र व हत्यारं दुकानातल्या कारागिराला. ती आता माझ्यापेक्षा त्यालाच जास्त ओळखतात.

३. टेनिस क्लबच्या चिटणिसांना काहीही नाही. यंदा ज्येष्ठांच्या पुरुष दुहेरीत आम्ही उपांत्य सामना ६-४, ७-५ असा हरलो. त्यांनी फळ्यावर ६-१, ६-२ लावला. सांगायला गेलो तर म्हणाले, "काका, हरलात ते हरलातच ना?" घाम गाळून आलेल्या म्हाताऱ्याशी असं बोलू नये.

४. आता खरं ते. माझा दुहेरीतला जोडीदार, ज्याला सगळे भिंत म्हणतात, त्याच्या घरी बोलायला कोणी उरलेलं नाही. सकाळचा खेळ सुटला तर तो अंथरूण धरेल. म्हणून माझी रॅकेट आणि भिंत, दोन्ही मुलाला.

मुलगा म्हणेल, "बाबा, मला जोडीला घ्या म्हटलं, तेव्हा तुम्हाला भिंतच हवी होती." हो, होती. चालू जोडी मोडायची नसते, हे आजही म्हणतो. पण बाळा, तेव्हापासून तू रॅकेटला हात लावला नाहीस. तुझ्या रागाचं ओझं वाहून मी दमलो. अट काही नाही. नाही म्हणालास तरी घर तुझंच.

भिंतीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याच्या उजवीकडे राहा, मधला चेंडू घेताना "माझा" असं मोठ्याने म्हण. उंच चेंडू तूच घे, त्याचा खांदा गेलाय. हरल्यावर चहाचे पैसे मात्र तो देणार नाही. जिंकल्यावरही देत नाही.

५. साक्षीला हा जोडीदारच पेन काढून बसला होता. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष नको."

"मला काय मिळतंय?"

"माझा मुलगा," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "येईल तो?"

"ते माझ्या हातात नाही रे."

त्याने पेनाला टोपण लावलं. "मग एवढं लिही. मी सहाला क्लबच्या फाटकाशी असतो."

लिहिलं.

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही), डॉक्टर (सही)
सही: मोटरवाले काका
ठिकाण: आमची पुढची खोली
दिनांक: उपांत्य सामन्यानंतरचा बुधवार