तग्वोरचा झगा

प्रिय मार्गार,

तग्वोरच्या नव्या झग्याचा हिशेब आधी ऐक. काशानची जरी, कॉलरला कोल्ह्याची कातडी, शिंप्याची मजुरी, सगळं धरून बाजारात तो चार तुमानांच्या वर जाणार नाही. चाळीस वर्षं रेशीम हाताळलंय, हे मला कुणी शिकवायला नको. पण तो खरा पडणार होता केवढ्याला? तुझ्या अवेतिसकाकाचं घर, नदीकाठची नाशपातीची बाग, वखारीतल्या झाडून सगळ्या गाठी आणि वार्वाराकाकी ज्यावर दोनदा बाळंत झाली तो पलंगसुद्धा. तग्वोरला मात्र तो फुकट मिळाला, शाहाच्या कोठारातून. वर घोडा आणि ढोलवाले.

हो, आपलाच तग्वोर, तुझा आतेभाऊ. ज्याला मी तराजू धरायला शिकवलं तो. सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा हसतमुख म्हणून सगळे त्याचं कौतुक करायचे. एका शुक्रवारी नदी ओलांडून इस्फहानात गेला, कलमा पढला आणि बक्षिसाचा तो झगा घालून, घोड्यावर बसून आपल्या आर्मेनी जुल्फ्यातल्या प्रत्येक गल्लीतून मिरवत आला. ज्याला त्याचा देव पलीकडे सापडला त्याच्याशी माझं भांडण नाही. आपल्या रंगशाळेतला म्हातारा हारुत्युन असाच गेला, पहाटे उठून नमाज पढतो, आणि आधी होता तेवढाच गरीब आहे. त्याला मी आजही उठून जागा देतो. तग्वोर देवाकडे नाही गेला, तो काजीच्या कचेरीकडे गेला. कायदा तुला ठाऊक आहे: जो मुसलमान होतो तोच ख्रिस्ती नातलगांचा वारस, मग घरात बायकोमुलं का असेनात. तू निघालास तेव्हा त्या कायद्याला दात नव्हते. आता कोण ख्रिस्ती सावकार कितवा दिवस अंथरुणावर आहे, याची वकिलांना घरच्या वैद्याआधी खबर असते.

आणि अवेतिस अंथरुणावर होता. तुला कळवलं नाही, कारण तू माल टाकून धावत आला असतास. त्याच्या पोटात पाणी झालं होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. लहानपणी आम्ही दोघं भाऊ पखालीने रंगाच्या हौदांत पाणी भरायचो, तेव्हा जड पखाल तो स्वतः घ्यायचा आणि वर मलाच कामचुकार म्हणायचा. आता त्याला कूस बदलायला दोन माणसं लागत होती. दाराआड मुली कशिदा काढत बसलेल्या. धाकटी तेराची. तिला अजून वाटत होतं की बाबा बरे झाले की घर रंगवायचंय.

एका दुपारी पुलाजवळच्या कहवेखान्यात माझ्या पाठीला पाठ लावून दोघे दलाल बसले होते. माझे कान तुला ठाऊक आहेत. एक म्हणाला, "अवेतिसचा अजून जीव धुकधुकतोय म्हणे." दुसरा म्हणाला, "नाशपात्या पिकेपर्यंत. तग्वोरने बागेवर उचल घेतलीय, फळं झाडावर असतानाच." मग दोघे हसले. त्यातला एक आपल्याच आळीतला, मार्गार, आपल्याच देवळात माझ्या पुढच्या रांगेत उभा राहणारा. मी कहवा तसाच ठेवून उठलो.

उपाय एकच होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. दावेदार दोन झाले तर जवळच्या नात्याचा माणूस दूरच्याला उडवतो. म्हणजे भाच्याआधी भाऊ. पण भाऊही मुसलमान हवा. मी पंचांना बोलावलं. पाद्री साहाक मध्यभागी बसले, बदामाची बर्फी खात. त्यांनी सुरुवातच अशी केली की वीस वर्षांत त्यांच्या कळपातलं एक मेंढरू कुंपण ओलांडून गेलं नाही, तग्वोर तेवढा लांडग्याच्या पोटचा. माना डोलल्या. मग तासभर जे झालं ते बोकडांच्या बाजारात शोभलं असतं. जो तो दुसऱ्याच्या घरातला माणूस सुचवत होता. कुणी म्हणालं, मन्वेलच्या, म्हणजे माझ्याच, रंगशाळेतला एखादा गरजू बघा, नातं कागदावर जोडता येईल. वार्वाराला काही दिवस कुणी आपल्या घरी ठेवेल का, असं मी विचारलं, तर सगळ्यांना अचानक आपापल्या घरची अडचण आठवली. निघताना साहाकांनी मला कोपऱ्यात घेतलं. बोटं पुसत हळूच म्हणाले, "तुझा मार्गार परदेशातच असतो. त्याचा आत्मा काय, इकडचा काय, तिकडचा काय. त्यालाच सांग ना, पुतण्या म्हणून निम्मं तरी वाचेल." मी त्यांचा हात चुंबल्याशिवाय बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, तुला काही करायचं नाही. ते मी केलंय. बुधवारी मी नदीपलीकडे जाऊन कलमा पढलो, शनिवारी अवेतिस गेला, आणि तग्वोरचा दावा काजीने अर्ध्या घटकेत फेटाळला. घर वार्वाराच्या नावे दान करून दिलंय. ती मुलींसकट तिथेच आहे. मी गेलो की पाणी देते, आणि माझा पेला बाकीच्यांपासून वेगळा ठेवते. चौकातला टरबूजवाला, ज्याच्या मालाकडे मी तीस वर्षं काठीने बोट दाखवायचो, कारण माझा ओला हात लागला तर त्याची टोपली बाटायची, त्याने गुरुवारी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात फोड भरवली. माझा हात मात्र तोच होता. मी ती गल्लीच्या टोकाला जाऊन थुंकलो. आता तुझं ऐक. ख्रिस्ती मुलगा मुसलमान बापाचा वारस होत नाही, त्यामुळे इथलं माझं काहीही तुला मिळणार नाही. काजीकडचा लेखनिक मिर्झा लुत्फी भला माणूस, त्याने एक अब्बासी नाणंही न घेता मला सांगितलं, "आधी दान कर, मग कलमा पढ. उलटं केलंस तर पोरगा उघडा पडेल." अलेप्पोत तुझ्याकडे असलेल्या सोळा गाठी मी मंगळवारीच तुला दिल्यात, कागद सोबत आहे, तारीख नीट बघून घे. त्या विकून तिथेच घर कर. इकडे येऊ नकोस, तुझ्याही मापाचा झगा कोठारात असेलच. साहाकांना मात्र कुणीतरी कळवायला हवं: कचेरीत माझं नाव लिहीत होते तेव्हा मी वहीत डोकावलो, या वर्षी जुल्फ्यातून तिथे गेलेला मी अकरावा.

तुझाच बाप,
मन्वेल