मंदारचं पोहणं

६ जुलै, रविवार
बीचवर गेलो. कॉर्कपासून तासभर गाडी, तासभर मं.चं भाषण: पुण्यात टँकवर हा कसा सूर मारायचा, सर कसे थक्क व्हायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली, नवऱ्याला गुडघ्याच्या वर पाण्यात पाहिलेलं नाही. आजही नाही. वेटसूट उलटा घातला, चेन पुढे. सत्तरीच्या आयरिश बायका गार पाण्यात डुंबत गप्पा छाटत होत्या. आमचे वीर काठावर वॉर्म-अप करत होते. दडपे पोह्यांचा डबा उघडला तेव्हा वॉर्म-अप संपला.

१० जुलै
स्पेनचं हॉटेल बुक. पॅडलबोर्डही. सईला बोर्डावर उभं राहून लांब, खोल पाण्यात जायचंय. अकरा वर्षांची, म्हणून सोबत पोहणारं मोठं माणूस हवं.
“बाबा आहे ना!” – मं.
मला पोहता येत नाही, आणि मी तसं सांगते. घरात एवढं तरी कुणी खरं बोलतं.

१३ जुलै, रविवार
पुन्हा बीच. सई लाटांत. “कम ऑन, बाबा!”
बाबांचा कान दुखतोय. सकाळपर्यंत ठणठणीत होता. एक आजी निथळत बाहेर आल्या, म्हणाल्या, “इट्स ग्रँड वन्स यू आर इन!” याने त्यांना मेडिटरेनियन कसा उबदार असतो ते समजावलं. कीव पण येईना.

१५ जुलै
सई क्लासला. सरळ विचारलं, “तुला पोहता येतं का?”
“म्हणजे काय!”
“हो की नाही?”
चहा ढवळत बसला. मग, “टँकवर जायचो ना. काठ धरून.”
“काठ धरून?”
“बहुतेक वेळा.”
पार्ट्यांमध्ये मारलेल्या थापा मी गिळल्या. पण त्या बोर्डावर माझी पोर असणार. म्हटलं, सईला आजच्या आज सांग. म्हणे, “जाऊन आल्यावर सांगतो.”
गाढव.

१७ जुलै
पूलवर मोठ्यांचा क्लास सप्टेंबरपर्यंत फुल. मं. सोफ्यावर पालथा पडून व्हिडिओ बघतोय, हात मारतोय. उशी खाली पडली. बोलायला गेले तर, “लाइफ जॅकेट असतं गं!” जॅकेट हा घालणार? ऑफिसातल्यांना फोटो पाठवायचेत ना.
शनिवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर मी सांगणार.

१९ जुलै, शनिवार
नाहीच सांगितलं. उद्या विमान.
सनक्रीम आणायला सईला घेऊन गेले. गाडीत सांगून टाकलं: बाबाला पोहता येत नाही, बोर्ड कॅन्सल करू. वाटलं रडेल.
“आय नो, आई.”
“कधीपासून?”
“एजेस.” खिडकीतून बाहेर बघत. “डोंट टेल हिम. ही’ड बी मॉर्टिफाइड.”
“अगं, मग जायचं कसं?”
“आय कॅन स्विम. आय’ल माइंड हिम.”
ही सांभाळणार बापाला! एवढुसा गळा, त्याला सोनसाखळीही मोठी होते. हिच्या गळ्यात ऐंशी किलोचा बुडणारा बाप पडला तर?
घरी आलो तर मं. शिट्टी वाजवत बॅग भरतोय. सई त्याला गॉगलची पट्टी सैल करून देतेय. मला नजरेनेच सांगते, गप्प राहा.
बोर्ड सोमवारी सकाळी. अजून कॅन्सल केलेला नाही.