चौथा खांब अजून लेथवरच आहे

प्रिय मामा,

उद्या सकाळी तुझा लाकूड कातायचा लेथ चालू करायचाय आणि मी आत्तापासूनच घाबरलेय. मामीला हे सांगू शकत नाही. मंजूताईला तर नाहीच, ती बाळाला घेऊन आत झोपलीये. म्हणून तुलाच लिहितेय. तेही मराठीत, इंग्रजी शाळेत शिकलेली मी! हसू नको हं.

रविवारी तुझ्या नातवाचं बारसं आहे. पाळण्याचे तीन खांब तू कातून ठेवलेस. चौथा अर्धा झाला, तू चहाला आत आलास, छातीत दुखतंय म्हणालास आणि गेलास. चहा थोडा थांबला नसता का रे?

तो खांब अजून तसाच लेथवर आहे. मामी झाडू मारतानाही त्याला वळसा घालते. आणि सगळ्यांसमोर "मी पूर्ण करते" असं मीच म्हणून बसले. का म्हणाले मी?

माझं तुला माहितीये ना! पटाशी फिरत्या लाकडाला टेकली की माझे डोळे आपोआप मिटतात. "काय गो मॅडम, झोप आली काय?" अख्ख्या बोर्लीला ऐकू जाईल असं हसायचास. लाटणं कातताना ते माझ्या हातून उडून भिंतीवर आपटलं, तेव्हा तरी ओरडायचंस! नुसतं म्हणालास, "भिंत वाचली."

तू गेल्यावर मी दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन शिकायला लागले. किहीमला एक काका बंगलेवाल्यांसाठी लाकडी बाऊल बनवतात. नवं मशीन, तोंडासमोर काच, सगळं सेफ. दिवसभर मला कातू दिलं. निघताना म्हणाले, "हात चांगलाय तुझा. पण तू बघत नाहीस." तिथेही कळलंच!

मग श्रीवर्धनला तुझ्या ओळखीच्या कातारी इब्राहिमचाचांकडे गेले. तुझं नाव सांगितल्यावर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि पुसतच राहिले. खांबाचं ऐकून मात्र दचकले. "अगो, इतके दिवस लागून हाय, वाकला असंल! एकदम स्विच दाबशील तर तोंडावर येईल. आधी हातानं फिरव. आनि बाजूला उभी राहा."

मी म्हटलं, "चाचा, तुम्हीच येऊन करा ना."

"माझा हात येगळा पडंल. तुझ्यात त्याचा थोडा तरी हाय."

मामा, हे ऐकून धीर आला असेल असं वाटतंय तुला? अजून जास्त भीती वाटली!

आज खांब हाताने फिरवून बघितला. खरंच वाकलाय. प्रत्येक फेऱ्याला पटाशीच्या टेकूवर एकाच जागी टक करून लागतो. म्हणजे आधी तो वरून कातून सरळ करायला हवा. म्हणजे तू काढलेल्या खाचा आधी मलाच उतरवायच्यात. तुझं शेवटचं काम माझ्या पटाशीखाली भुसा होऊन पडणार! आणि एवढं करून तो मोडला तर?

हे मात्र मामीला सांगितलं. म्हटलं, हा खांब बाकीच्या तिघांपेक्षा बारीक होईल, तुझ्यासारखा दिसणार नाही. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बाळ काय खांब बघून झोपनार हाय? पाळना हलला पायजे."

मग बराच वेळ एकच तांदूळ निवडत बसली.

शब्द देते, मामा. आधी हाताने फिरवीन. बाजूला उभी राहीन. आणि तुझ्या खाचा उतरतील तेव्हा डोळे उघडे ठेवीन, पार शेवटची जाईपर्यंत.

तुझी घाबरट मॅडम,
रेवा