जंबेरीच्या वाफ्यातली पंखवाली पानं

११ फेब्रुवारी १९६२, रविवार
राजापेठेतल्या घरून सकाळीच वलगावला, आमच्या बागेत. हिवरखेडचे किसनराव आधीच येऊन बसलेले. पाच वर्षांपूर्वी आपल्याकडून संत्र्याची रोपं नेली होती. निम्मी झाडं धरली, निम्मी नुसतीच माजली, फळ नाही. बाबा म्हणाले, "जंबेरीचं बी आपल्याच झाडायचं. त्यात भेसळ नाई." जमिनीचा दोष काढला. किसनराव उठून गेले.
मला वाटतं, भेसळ आहे. संत्र्याचा डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला, खुंट म्हणून जी जंबेरीची, त्या खडबडीत लिंबाची, रोपं वाढवतो, त्या वाफ्यात मला पंखवाली पानं दिसतात. पंख म्हणजे पानाच्या देठालगतची पानासारखी पट्टी; जंबेरीत ती नावापुरती. रुंद पंख पपनसाचा. आणि पपनस आहे विहिरीजवळ, जंबेरीच्या रांगेला लागून. पंधरा वर्षांपूर्वी मी बी.एस्सी. झाले तेव्हा कौतुकानं बाबांनीच लावलेला. गेली आठ-दहा वर्षं दोन्हींचा बहार एकदमच येतो. मधमाश्यांना काय, दोन्ही सारखेच. बाबांना सांगायचं कोणी?

१८ फेब्रु., रविवार
शाळेच्या शिवणवर्गातले मलमलीचे तुकडे आणून पिशव्या शिवल्या. जंबेरीच्या काही कळ्या नुसत्या झाकल्या. काहींचे पुंकेसर काढून ब्रशनं पपनसाचा पराग लावला, मग झाकल्या. विहिरीजवळच्या जंबेरीची काही फुलं खूण करून उघडीच. डोळे बांधणारी सखूबाई बघत होती. "फुलायले बुरखा काहून घालून राहिल्या, बाई?" म्हटलं, डिसेंबरात सांगते.
पाठ गेली. पण मजा आली.

२ डिसें., रविवार
फळं उतरवली, बी लगेच पेरलं. तीन वाफे, तीन पाट्या. बाबा येऊन पाट्या वाचून गेले. काही विचारलं नाही. म्हणजे कळलंय.

२४ फेब्रु. १९६३, रविवार
झाकलेल्या फुलांच्या वाफ्यात एकही पंखवालं नाही. ब्रशच्या वाफ्यात जागोजाग. विहिरीजवळच्यातही आहेत, थोडी, पण आहेत! शाळेत मुलींना शिकवते ते माझ्या हातून सिद्ध झालं. वाफ्यात उभ्यानं हसले.
मग हसू गेलं. पंखवाली बहुतेक सगळ्यांत उंच. आणि दरवर्षी मी काय करते? उंच ठेव, बाकीची उपट! एका बीतून दोन-तीन रोपं येतात, बहुतेक आईवर गेलेली, एकसारखी, मध्यम. तीच उपटली. सखूबाईनं पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, मधली ठेवा. मी तिला पदवी ऐकवली होती. किसनरावांची माजलेली झाडं असल्याच भेसळीच्या खुंटांवरची, माझ्याच निवडीची.
आज तिची माफी मागितली. म्हणाली, "मले पुस्तक नाई येत. पन भावंडं वळखू येतात."

२६ फेब्रु.
बाबांना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. वाफ्याशी बसून त्यांनी एकेक पान पाहिलं. मग म्हणाले, "खोटं नाई बोललो मी. पन चुकीचं बोललो. जाऊन सांगतो त्यायले."
किसनरावांना पत्र टाकू म्हटलं, तर, "चूक टपालानं धाडाची नसते."
सत्तरीचा माणूस. रोपवाटिकेचं तीस वर्षांचं नाव. बाबांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.
पपनस तोडायचा की बियांची झाडं दुसरीकडे लावायची, ठरलं नाही. बहार तर आलाय.

२ मार्च
बाबा हिवरखेडहून परतले, अकोल्यात गाडी चुकली म्हणून उशिरा. पारावर चार माणसांत सांगितलं म्हणे. किसनरावांनी ऐकून घेतलं. बदली रोपं देऊ म्हटलं, होकार मिळाला नाही.

१० मार्च, रविवार
किसनराव आले. एकटेच. तिन्ही वाफे ओणवे होऊन पाहिले. पान तोडून देठ नखानं चाचपला. उपटलेल्या पंखवाल्यांचा ढीग मागून घेतला, तोही पाहिला. यंदा रोपं कोणी निवडली विचारलं, मी सखूबाईचं नाव सांगितलं.
बाबा पुढे झाले. मला वाटलं, पुन्हा माफी मागणार. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे माही पोरगी. इनं माही चूक पकडली." बक्षीस मिळाल्यासारखे. मला वर बघवेना.
किसनराव म्हणाले, "डोळे बांधसान तवा बोलवा. पाहीन."
रोपं नेतो म्हणाले नाहीत.