बोडीतले विळे

१९ एप्रिल
बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, खोल करताना जेसीबीला मडकं लागलं. आत लोखंड. नांगराचे फाळ, कुदळी, विळे, गंजून एकमेकांना चिकटलेले. विळ्यांचा बाक आजच्यासारखा नाही. माझ्या धाकट्या भावाचा, देवरावचा, पहिला प्रश्न: "सोनं नाई निंगालं का जी?" नाही. अक्कलही नाही निघाली.

२० एप्रिल
फोनवर वाचलं. तिकडे युरोपात स्लाव शेतकऱ्यांनी हजारेक वर्षांपूर्वी अशीच अवजारं पुरली होती. लोखंड म्हणजे घरची दौलत. संकट आलं की पुरायची, परतल्यावर काढायची. काही परतलेच नाहीत. तिथे गंजासकट काचेत ठेवलीत. आमचं मडकं किती जुनं, कोण सांगणार? पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात फोन केला. "सोनं-चांदी आहे का मॅडम?" नाही म्हटलं. "मग बघू."
बघू!

२४ एप्रिल
डोळे तपासायला चंद्रपूरला गेले होते. परत येते तर मडकं रिकामं. देवरावने वाटून टाकलं!
"लोकं मागून रायले होते, बाई. जुनं लोखंड लय कडक रायते."
फाळ लोहाराने तापवून ठोकला. विळे बाळंतिणींच्या उशाखाली गेले. बाळाला बाधा होऊ नये म्हणून तिथे लोखंड लागतंच, त्यात जमिनीतून निघालेलं म्हणजे जास्त गुणाचं म्हणे. मी देवरावला जे बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नव्हतं.

२७ एप्रिल
आता कार्यालयाला जाग आली. साहेब ३० ला येणार. अट: सगळं एकत्र दाखवा, नाहीतर भंगार समजू. यांचं 'बघू' चालू होतं तेव्हा सगळं एकत्रच होतं की!
घरोघर फिरले. एकीने कुदळ लिंबू-राखेने घासून ताटासारखी चकचकीत केलेली. वर म्हणते, "पाहा बाई, कशी नवी केली." रडू की मारू. पारावरून कोणीतरी: "पेन्शन घेऊन बाई भंगार जमा करून रायली!"

२८ एप्रिल
एकच विळा बाकी. सगळ्यांत शाबूत, मुठीच्या लाकडाचा तुकडा अजून चिकटलेला. शेवंताकडे आहे. तिच्या सुनेची दोन बाळं गेली. ही तिसरी, मुलगी, दिवस भरायच्या आत आलेली, मुठीएवढी.
मी बाजारातला नवा विळा घेऊन गेले. म्हटलं, विळा तो विळा, हा ठेव.
शेवंता म्हणाली, "मंग साह्यबालेच हा नवा दावा ना जी."
तोंडात मारल्यासारखं झालं. परत येताना स्वतःवरच चिडले. मग देवरावला सापडेल त्या कारणावरून झापलं.

२९ एप्रिल
शेवंताची नात दूध ओढत नाही. मूल गावच्या दवाखान्यात नेली. विळा फडक्यात गुंडाळून सोबत. मी लोखंडाने काही होत नाही असं आयुष्यभर शाळेत सांगत आले. आजही सांगेन. पण ते शेवंताला, आज, दवाखान्याच्या दारात?

३० एप्रिल
साहेब आले. खुर्ची, चहा, मग "एवढंच?" म्हटलं, एक विळा दवाखान्यात आहे. हसले. "आजारी आहे का?" कप हातातून काढून घ्यावासा वाटला.
मग म्हणाले, "गाडी आहे ना. चला, घेऊन येऊ. तुम्ही मागितला तर देतील. नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही."
चपला घालून येते म्हटलं. चपला घालून आत बसले आहे. देवराव दारात. "बाई, काय सांगू त्याईले?"
बाहेर हॉर्न वाजवतोय.
वाजव.