कुरणात नको

प्रिय तेगवेन,

गवत कापून झालं. यंदा जुलैभर पावसाने उसंत दिली नाही, म्हणून ऑगस्ट उजाडला. शेजारच्या ग्विलिमने ते वाळवलं, उलटंपालटं केलं, बी पुरतं झडू दिलं आणि मगच गासड्या बांधल्या. मी फाटकाशी उभी होते. आत पाय टाकवला नाही.

बाबांचा पलंग शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणला होता, कुरण दिसावं म्हणून. कुरणात ऑर्किड फुलले तेव्हा बाबा अजून उठून बसायचे. पुढे रोज मला खुळखुळ्याची एक शेंग आणायला लावायचे. लहानपणी तुझ्या कानाशी वाजवायचे ना, तीच. वाळून आतलं बी वाजलं की कापणीची वेळ झाली. पण ओल्या हवेत ती काही वाजेना. त्यांची तब्येत बघून ग्विलिम म्हणाला, “इद्रिसकाका, एक पट्टा आत्ताच कापतो. तुम्हाला वास तरी घेता येईल. बी झडायच्या आधी कापायला बंदी आहे खरी, पण सरकारी माणसाला कोण सांगतंय?” बाबा म्हणाले, “त्याला नाही रे, पण गवताला कळेल ना.” ग्विलिम हसला आणि बाहेर जाऊन गोठ्यामागे रडला. बाबा गेले त्या दिवशी शेंगा हिरव्याच होत्या.

फोनवर तू म्हणालीस, त्यांची राख कुरणातच टाकू. मी नाही म्हटलं आणि तू फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, आईला त्या राखीव कुरणाच्या कायद्याचंच पडलंय. अगं, मीच त्यांना आधी विचारलं होतं, “तुला तिथेच ठेवू का रे?” खोकला लागेपर्यंत हसले. म्हणाले, “नेस्टा, माझी राख म्हणजे खतच की! जन्मभर त्या जमिनीला खत लागू दिलं नाही, आणि आता मीच जाऊन पडू? दांडगं गवत माजेल आणि फुलं मरतील. मला चॅपलमागे पुरा. तिथे काय, नुसतं खाजरं तणच आहे.”

म्हणजे त्यांनीच मना केलंय, बाळा. पाद्रीबाबांनी जागा दाखवलीय, खड्डाही खणून होईल. पण राखेचा डबा अजून कपाटावर आहे. दोनदा कोट घातला, डबा उचलला आणि परत ठेवला. मला एकटीला जमत नाही. रागावलेली असलीस तरी ये.

तुझीच,
आई